चाफा तोडू नकोस

ती. ताईस,
तुझ्या शेंडेफळाचा नमस्कार.

छपरावर टेकलेला कवठी चाफा तोडू का, असं विचारलंस. बुंध्याला हात लावू देऊ नकोस. टेकलेली फांदी तेवढी उतरव, तीही बहर संपल्यावर. मुळांशी खणायचं नाही, त्याला सोसत नाही, असं आई म्हणायची. गळलेली पानं तिथेच पसरून ठेव.

तिने रोप लावलं तेव्हा तू कुरकुरलीस, "याला फुलं येईस्तोवर मी म्हातारी होईन."

"मग म्हातारपणी वास घे," ती म्हणाली.

पहिलं फूल उमललं तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली. तू आणि बाबांनी तिची खाट उचलून झाडाखाली नेलीत. ती बराच वेळ वर बघत हसत होती. तसं हसताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

मी मजेत आहे. इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसभर चादरी धुतो. थोडा खोकला आहे, पण बाबांना सांगू नकोस. त्यांचे गुडघे कसे आहेत?

बहर आला की एक पाकळी पाकिटात घाल. वाटेत काळी पडेल, तरी घाल.

तुझा,
धाकटा