चित्र अडकलेलं नाही

१२ फेब्रुवारी ९५, रवि.
विलास आला. माझा आतेभाऊ, कारखान्यानं जपानला मशीन शिकायला धाडलेला. तिथल्या टीव्हीवरनं भरलेल्या कॅसेटी न् त्या चालतील असा व्हीसीआर घेऊन आलाय. सगळी कार्टून. भाषेचं एक अक्षर कळत नाही. एक बाई न् तिची लेक, डोंगरातलं गाव. लोणचं घालतात, अंथरुणं उन्हात टाकतात, गाडीची वाट बघत उभ्या राहतात. मारामारी नाही, गाणं नाही. शेवटी गाडी येते, एवढंच. एका बैठकीत दोन कॅसेटी बघितल्या. वांगी करपली. करपू देत.

१५ फेब्रु., बुध.
ह्यांना म्हटलं, आपल्या केबलच्या लोकल चॅनेलवर दुपारी तीन ते चार मला द्या. नाहीतरी त्या वेळेला मशीनपाशी मीच बसते, जुना पिक्चर फिरवत. हे म्हणाले, "बघू." म्हणजे भावाला विचारतो. भाऊजी हसले, "लावा वैनी, दुपारी आष्ट्यात जागं कोण असतंय?"
लावणारच आहे.

२० फेब्रु., सोम.
पहिलाच दिवस न् काय ती फजिती! कार्टूनमधली पोरगी ओसरीत बसून शेताकडं बघते. बराच वेळ. हलत नाही. फोनवर फोन. "वैनी, चित्र अडकलंय." "उसाच्या ट्रॉलीनं वायर वडली बगा." हंगामात ट्रॉल्या वायरी तोडतातच, लोकांना काय बोलायचं? पण भाऊजीही फसले! शिडी घेतली न् थेट चौकातल्या खांबावर. तिथं वायर पिळत बसले, तेवढ्यात पोरगी उठून आत गेली. पानाच्या टपरीवरची माणसं ओरडली, "आलं, आलं!" भाऊजी ऐटीत खाली उतरले.
घरी आल्यावर खरं काय ते सांगितलं. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

२१ फेब्रु., मंगळ.
पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून सुरू व्हायच्या आधी दाखवलं: "चित्र अडकलेलं नाही. असंच आहे. बसा."

२४ फेब्रु., शुक्र.
गिरणीत शेजारच्या मगदूमकाकू भेटल्या. "काय गं, त्यात घडत तर कायबी न्हाई." म्हटलं, "काकू, गोष्ट शोधू नका. शेंगा फोडायला घ्या न् बघा. हात चालू देत, डोळे तिकडं." शिंप्याची सून बाळंतपणानं हैराण, तिला अंथरुणं वाळवायचा भाग सांगितला. पोराला पाजत बघ म्हटलं. गल्लीतले गुरुजी (रिटायर) तावातावानं आले, "बायकांना आळस शिकवताय." मी म्हटलं, "गुरुजी, त्या बाईचा हात एक मिनिट तरी रिकामा दिसला का तुम्हाला?" गेले.

२ मार्च, गुरु.
मगदूमकाकूंचा फोन! "अगं, ती बाई ताटं पुसून ठेवतीया न्हवं, त्येवडं परत लाव की. सुनंला बी बोलावलंय. दोगी शेजारी बसून बगितलं, भांडलो न्हाई बग." परत लावलं. पुन्हा लावीन.
मला का आवडतं ते आज कळलं. मी रोज करते तेच कुणीतरी एवढं मन लावून काढलंय. लग्न झाल्यापासनं करतेय, ह्या घरात त्याला काम म्हणत नाहीत. 'दिवसभर घरीच तर असतेस.' त्या बाईनं चादर झटकली न् मला रडू आलं. आलं तर आलं.

७ मार्च, मंगळ.
दुसऱ्या केबलवाल्यानं दुपारी नवे हिंदी पिक्चर सुरू केले. बसस्टँडमागची गल्ली तिकडं गेली. भाऊजी जेवता जेवता, "वैनी, तुमच्या जपानी बाईपायी धंदा बसंल. परवापासनं तीनला फायटिंग. संपलं."
मी म्हटलं, संपलं म्हणणारे तुम्ही कोण? मशीन मी सांभाळते, लोकांच्या शिव्या मी खाते. माझा एवढा एक तास डोळ्यात खुपतो काय?
ह्यांच्याकडं बघितलं. हे ताकाची वाटी हलवत बसले. एवढा राग आला! भाऊजींचा नाही आला, ह्यांचा आला.

८ मार्च, बुध.
ह्यांच्याशी अबोला. दुपारी नेहमीप्रमाणे लावलं. कुणाच्या बापाला भीत नाही.

९ मार्च, गुरु.
भाऊजी फायटिंगची कॅसेट मशीनवर ठेवून चहाला गेले. मी मशीनच्या खोलीला आतनं कडी घातली. मगदूमकाकूंना, शिंप्याच्या सुनेला फोन केले: आज नदीचा भाग, पोरगी पाण्यात पाय सोडून बसते, दुसरं काही नाही, चुकवू नका. काकू म्हणाल्या, "सून कवाची बसलीया."
तीनला लावलं.
दार वाजतंय. भाऊजी. "वैनी, उघडा, लोक काय म्हणतील!" इकडं पोरीनं आत्ता कुठं चपला काढल्यात. दाराकडं पाठ करून हे लिहितेय.
हेही आलेत. खोकला ओळखला. भाऊजी म्हणतायत, "दादा, आता तरी बोल की. हिकडं का तिकडं, एक काय ते सांग."
टीव्हीचा आवाज बारीक केलाय, ह्यांचं ऐकू यावं म्हणून. कडी मात्र मी काढणार नाही.