मशीनमागची दोरी

३ जुलै
विकास म्हणतो, दुकानातला दूध-ताक गार ठेवायचा चिलर विकून टाकू आणि गाळा प्लॉटवाल्या एजंटला भाड्याने देऊ. (नवऱ्याचं नाव समोर घेत नाही, वहीत घेते. काय करेल!) "दूध-ताक विकून जे मिळतं ते लाइटबिलातच जातं." महिनाभर थांब म्हटलं, बिल खाली आणून दाखवते. बोलून गेले! आता निस्तरा, हर्षलाबाई.

५ जुलै
माझा भाऊ रूपेश आला. माथेरानच्या हॉटेलांतले फ्रीज तोच दुरुस्त करतो. चिलरला वेगळा मीटर लावला. डीप फ्रीझरच्या दाराचं रबर चिमटीत धरून म्हणाला, "ताई, यातनं पाल पण आत जाईल गं!" रबर बदललं. उघड्या चिलरला काचेची दारं हवीत, पण ती महाग. आधी प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावून बघू म्हणाला.

९ जुलै
पडदा लागला. आळीतले येसाजीकाका ताक घ्यायला आत वाकले आणि पट्ट्या डोक्यावर घेऊनच उभे राहिले — मुंडावळ्या बांधलेला नवरदेव! "हर्षला, नवरी कुठं हाय गं?" सगळं दुकान हसलं. मीटर मात्र खरंच हळू झालाय. जेवताना विकासला पुन्हा पुन्हा सांगितलं.

१७ जुलै
चार दिवस धो धो पाऊस. हवा गार. आणि मीटर सुसाट! उन्हात कमी, पावसात जास्त — हे कसं? रूपेशलाही कळेना. "पावसात तर मशीनला आराम पायजे, ताई." विकास गालातल्या गालात हसतो. मला रडू येत होतं, पण समोर गिऱ्हाईक होतं.

१८ जुलै
सापडलं!!
चिलरचं गरम वारं दुकानामागच्या बोळात निघतं. बोळ म्हणजे आईंचं, माझ्या सासूबाईंचं राज्य. मी तिकडे फिरकतसुद्धा नाही. आज रूपेश गेला आणि तिथूनच ओरडला, "ताई, इकडं ये आधी!"
मशीनच्या जाळीला खेटून दोरी, आणि दोरीवर आमचं अर्धं गाव, अर्धी दहिवली! शेजारच्या धोंडूबाईची लुगडी, येसाजीकाकांच्या बंड्या, एक गोधडी तर थेट जाळीवरच पसरलेली. वारं बाहेर पडणार कुठून? मशीन आपलं जीव तोडून चालतंय. आणि मधोमध माझाच गाऊन! एवढ्या पावसात कपडे खडखडीत वाळतात म्हणून आईंचं कौतुक करणारी मीच.
आई शांत. "गरम वारं फुकट जातं ना? सगळ्या आळीचे कपडे वाळतात. नाय कसं म्हनू?"
मी दोरी कापली. "तुमच्या गोधडीपायी माझं दुकान जाईल!" जरा जोरातच बोलले.

१९ जुलै
आई बोलत नाहीत.

२४ जुलै
अजून नाहीत. ताट वाढलं की ताटाकडे बघतात, माझ्याकडे नाही. मीटर रांगतोय, तरी आनंद होत नाही. रूपेशने बोळाच्या पलीकडच्या भिंतीला, जाळीपासून लांब, नवी दोरी बांधून दिली. धोंडूबाई खूश. आईंनी बघितलं आणि मान फिरवली. वाईट वाटतं मला.

६ ऑगस्ट
बिल आलं. बरंच खाली! नाचतच विकासपुढे ठेवलं. त्याने नीट वाचलं. मग खाली बघत म्हणाला, "एजंटला शब्द देऊन बसलोय गं. उद्या कागद घेऊन येतोय."
म्हणजे माझा महिना नुसता गंमत म्हणून? जेवले नाही.

७ ऑगस्ट
गाळा आईंच्या नावावर, म्हणून सही त्यांची. एजंटने पेन दिलं. आईंनी ते परत त्याच्याच खिशात खोचलं. "दुकान सुनेचं हाय. ती नाय म्हनते." मग आई माझ्याकडे वळल्या. "हर्षला, पाव्हन्याला गार ताक दे गं."