मागणारी मीच, तपासणारीही मीच

सोमवार, १० नोव्हेंबर
साहेबांनी खरेदीचा चार्जही माझ्याच गळ्यात घातला! आण्णा क्लार्क निवृत्त झाले, जागा रिकामी. आजवर मागणी आण्णांनी करायची, आलेला माल स्टोअरवाली म्हणून मी तपासून घ्यायचा, बिल तिसऱ्यानं काढायचं. एकाची चूक दुसऱ्याला दिसावी म्हणून तर हे वेगळं ठेवलंय. तसं म्हटलंही. उदयसिंह साहेब हसले. "संघप्रिया मॅडम, सरकारी दवाखाना हाय हा. माणसं कुठनं आणू? विश्वास हाय म्हणून देतोय की."
पहिलीच सही — बाळंतविभागासाठी तीन वॉर्मर, नव्या बाळांना ऊब देणारी मशीन. केली.

गुरुवार, २० नोव्हेंबर
वॉर्मर आलेसुद्धा! जणू आधीच कुठंतरी बांधून ठेवलेले. दोन ठीक. तिसरा तापतच राहतो, थांबायचं नावच नाही. सिस्टर निशिगंधानं गादीवर हात ठेवला आणि झटक्यात मागं घेतला. "ह्याच्यावर बाळ ठेवायचं?"
मी माल घेतल्याची सही केली नाही, तिसरा स्टोअरच्या कुलपात ठेवला. पुरवठादार राजवीर आला. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "मॅडम, मागवलं तुम्हीच, आता नको म्हणणार तुम्हीच. काहीतरी मिळावं म्हणून अडवलं, म्हणतील लोक. तुमच्या बाजूनं बोलणार कोण?"
खरंच, कोण?

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
डबा तसाच परत आणला.

रविवार, २३ नोव्हेंबर
राजवीर घरी आला! पत्ता कुणी दिला? सासूबाईंशी गोड गोड बोलला. पोरीला जवळ घेऊन शाळा कुठली विचारलं. चहा पिऊन गेला.
तो गेल्यावर आमचे हे, प्रसेनजीत, माझ्यावरच भडकले. "सही करून मोकळी हो. आपलं कोण हाय वर?" कधी असे बोलत नाहीत. भ्यायलेत.
पोरीच्या रिक्षावाल्या काकांना फोन केला — आमच्या दोघांशिवाय कुणाच्या हातात देऊ नका.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
साहेबांना सांगितलं, तिसरा परत पाठवा. आणि दोन्हींतला एक चार्ज काढून घ्या. "बरं," म्हणाले. एवढंच! चिडले असते तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
बाळंतविभागात गेले तर तोच वॉर्मर चालू! वर कालच जन्मलेलं पोर, किंचाळत होतं. मी पिन उपसली, पोर उचललं — पाठ लालबुंद. त्याची आजी धावून आली, हुपरीची झुंबरबाई. "ए बाई! माझ्या नातवाची ऊब का काढलीस?" मला ढकललंच. मी पोराची पाठ दाखवली. तिनं पोर माझ्याकडनं घेऊन छातीशी धरलं.
कुलपात होतं ते मशीन! दुसरी किल्ली साहेबांकडं असते.
"कुणी लावलं?" निशिगंधा भिंतीकडं बघत राहिली. "मला नका विचारू, मॅडम. मला नोकरी करायची हाय."
पोराला कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात हलवलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर
पोर धोक्याबाहेर. मी नाही. कँटीनमध्ये गेले की बोलणं थांबतं. मॅडमनंच मागवलं, मॅडमनंच घेतलं — सगळ्यांच्या तोंडी हेच. निलंबन, पोलीस... प्रसेनजीतना काही सांगितलं नाही.

सोमवार, १ डिसेंबर
चौकशीला जिल्ह्याची माणसं आली. साहेब शांतपणे म्हणाले, "मागणी मॅडमची. तपासणीही मॅडमकडंच." एक अक्षर खोटं नव्हतं! तेवढ्यात शिपायाला बाजूला सारून झुंबरबाई आत — "ह्या बाईनं पोर उचललं. 'ठेवा ह्याच्यावर, काय हुत न्हाय' म्हणालता त्यो ह्योच की!" बोट साहेबांवर.
मग मागनं निशिगंधाचा आवाज — "व्हय. मीपण होते तिथं."