डावं मागचं चाक

१२ ऑक्टो., शनि. दसरा.

सकाळी ट्रॅक्टर धुतला, चार ठिकाणी ग्रीस. मागच्या चाकांत बिटाचा रस आहेच. गोठत नाही, वजन देतो, रिम खात नाही. (हे डीलरच्या माणसाला मी समजावलं होतं, त्याने मला नव्हे.) हवा मोजली: डावं मागचं (डा.मा.) १४ पौंड, उजवं मागचं (उ.मा.) १४. रस भरलेल्या चाकाला हंगामात एकदाच गेज लावायचा, हा माझा नियम. सारखा लावला की चिकट थेंब वॉल्व्हमध्ये बसतात.

पूजेच्या कुर्त्यातच गेज काढतोय तेवढ्यात मंजू तबक घेऊन हजर. "अहो, मुहूर्त काय तुमच्या चौदा पौंडांसाठी थांबणारे का?" तसाच हात पुसून पूजेला उभा. हळदकुंकू, अक्षता, ट्रॉय गावातल्या भारतीय दुकानातला शिळा झेंडू. चाकांवर सढळ हाताने.

केतकी आणि निखिल जेवायला. श्रीखंड वाढता वाढता मंजूने लेक-जावयासमोर जाहीर केलं, "ह्या हिवाळ्यात आपल्या चढामुळे मला तीनदा कामावर वेळेत पोचता आलं नाही, तर घर विकायचं. ट्रॉयला, केतकीजवळ." फेब्रुवारीत तिची गाडी ह्याच चढावरून चरात गेली होती. महिनाभर मानेला पट्टा. म्हटलं, मंजूर. तीनदा कशाला, एकदाही नाही.

घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत चारशे फुटांचा रस्ता, मधला दीडशे फूट चढ. सोळा वर्षं मी एकट्याने ह्या ट्रॅक्टरने बर्फ लोटून साफ ठेवलाय.

३० नोव्हें., शनि.

मागच्या चाकांना साखळ्या चढवल्या. ताणाचे रबर नवे. मोकळी कडी (साखळी हाताने ओढली की जितक्या कड्या सैल निघतात): डावीकडे ३, उजवीकडे ३. ठणठणीत. उद्यापासून रोज मोजणार.

निखिलचा फोन. "बाबा, प्रेशर चेक केलंत ना? थंडीत ड्रॉप होतं." हा माणूस नोव्हायच्या एका कंपनीत गाड्यांचं घसरणं थांबवायचं सॉफ्टवेअर लिहितो. टायरला हात लावून नखं काळी झालेली मी तरी पाहिली नाहीत. म्हटलं, "थंडीचे दोन पौंड मी धरूनच ठेवलेत." डिग्री नाही माझ्याकडे, पण इचलकरंजीला यंत्रमागांच्या वर्कशॉपात अकराव्या वर्षापासून कान यंत्राला लावलाय.

५ डिसें., गुरु.

एक.

सात इंच बर्फ, खाली गोठून गुळगुळीत काच. निम्म्या चढावर डा.मा. जागच्या जागी फिरायला लागलं. उतरून बघतो तर साखळी जमिनीवर स्थिर आणि टायर तिच्या आत फिरतोय! मोकळी कडी डावीकडे ५. काल संध्याकाळी ३ होती. उजवीकडे ३ ची ३.

वाळू, मीठ, शेवटी फावडं. मंजू लॅबला पन्नास मिनिटं उशिरा. बूट घातले. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर फुली मारून गेली.

साखळी आपोआप एकाच बाजूला सैल होत नाही.

८ डिसें., रवि.

डावी ओढून ३ वर आणली. चढाखालच्या घरातला गॅरी त्याचा बर्फ लोटायचं ब्लेड लावलेला पिकअप घेऊन वर आला. न बोलावता. "आय कॅन डू युअर ड्राइव्हवे, नो प्रॉब्लेम." मग ट्रॅक्टरच्या शेडकडे बघत, "एव्हर थिंक ऑफ सेलिंग?" हसत विचारलं. हसत का? शेडला कुलूप नाही, हे त्याला माहीत आहे. सोळा वर्षांत कुलपाची कधी गरजच लागली नाही.

मंजूने त्याला चहा दिला, वर आल्याच्या वड्या.

१४ डिसें., शनि.

डा.मा. च्या वॉल्व्हवर टोपण नाही. उ.मा. वर आहे. शेडची जमीन चुंबक फिरवून तपासली, मग आठवलं, टोपण प्लॅस्टिकचं. पुन्हा डोळ्यांनी. नाही.

टोपण आपणहून निघत नाही. आटे असतात. कोणीतरी बोटांनी फिरवल्याशिवाय नाही. पण टोपण चोरून काय मिळतं? मला दाखवायचं असेल, की तो येऊन गेला?

कुलूप आणलं. किल्ली माझ्याकडे, दुसरी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला.

मोकळी कडी ४.

२१ डिसें., शनि.

शेडमध्ये हरणांचे फोटो काढायचा कॅमेरा लावला. कुणाला सांगितलं नाही. निखिलला तर नाहीच. परवा आला तेव्हा शेडमध्ये एकटाच दहा मिनिटं होता. विचारलं तर म्हणे, "बाबा, डावीकडे जरा झुकलाय ना?" शेडची फरशीच डावीकडे उतरती आहे. मीच ओतलीय, पाणी निघून जावं म्हणून. इंजिनियरला लेव्हल बॉटल लावून दाखवली.

"हो, पण तेवढ्याने इतका नाही झुकणार." पुन्हा तेच! केतकी मधे पडली, "डॅड, ही इज जस्ट ट्रायिंग टु हेल्प." मदत हवी कुणाला आहे.

२ जाने., गुरु.

दोन.

ह्या वेळी खालून वर येताना. डावी साखळी चक्क रिमवर चढली, ब्लेड आडवं, रस्ता बंद. गॅरीने पिकअपने मला ओढून काढलं. मंजू खिडकीत, कोट घालून, हातात डबा. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

मोकळी कडी ७! कुलूप शाबूत. म्हणजे किल्लीवाला माणूस. किल्ल्या दोनच.

४ जाने., शनि.

कॅमेऱ्याचं कार्ड काढलं. गॅरीचं कुत्रं एकदा, माझ्या मागोमाग. मी स्वतः एकोणीसदा. आणि ३० डिसें., दुपारी: मंजू. डा.मा. शी वाकलेली. दोन्ही हात साखळीवर. पाच फोटो, म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबाने दोन मिनिटांहून जास्त.

चहा गार झाला. पाच फोटो पुन्हा पुन्हा मोठे करून बघितले. बोटं नेमकी कुठे आहेत ते कळत नाही.

५ जाने., रवि.

विचारलं. म्हणाली, "चाक बसल्यासारखं दिसत होतं, दाबून बघत होते. तुम्हाला तेव्हाच सांगितलं."

सांगितलं होतं. मी डोकं वर न काढता "फरशी उतरती आहे" म्हटलं होतं, तेही आठवलं. तरी तोंडातून निघून गेलं, "तुला ट्रॉयला जायचंय ना? मग सरळ सांग. साखळी कशाला सैल करतेस?"

तिने हातातलं पीठ हळूहळू पुसलं. एवढंच म्हणाली, "तीस वर्षं झाली हो." आणि आत गेली. पोळ्या अर्ध्याच झाल्या होत्या. उरलेल्या मी लाटल्या. मापाच्या झाल्या नाहीत.

९ जाने., गुरु.

बोलणं बंद. जेवण वेळेवर, डबा वेळेवर. दुसरी किल्ली रविवारी रात्रीच माझ्या बुटात ठेवलेली सापडली. तिने परत केली. आता दोन्ही किल्ल्या माझ्याकडे.

आज मोकळी कडी ५. सोमवारी ओढून ३ केली होती. किल्ल्या माझ्या खिशात असताना.

म्हणजे?

१४ जाने., मंगळ. संक्रांत.

ट्रॉयला केतकीकडे हळदीकुंकू. मंजू सकाळीच केतकीच्या गाडीतून पुढे गेली. मी संध्याकाळी जाणार म्हणून रेशमी कुर्ता काढला. दसऱ्यानंतर घातला नव्हता. खिशात हात घातला. टोपण. काळं, प्लॅस्टिकचं. सोबत पिवळ्या तांदळाचे दोन दाणे.

कुर्त्यावरच जाकीट चढवून शेडमध्ये गेलो. पूजेच्या वेळी उजव्याचं टोपण लावून झालं होतं, डाव्याचं हातात. मुहूर्त. हात पुसला. खिशात. आणि त्या उघड्या वॉल्व्हवर हळद, कुंकू, अक्षता, सढळ हाताने, मीच.

गेज लावला. डा.मा. ५ पौंड. उ.मा. १२. वॉल्व्ह वरच्या बाजूला येईल असं चाक फिरवून आतला कोअर, म्हणजे हवा धरणारी पिन, काढला. बसायच्या जागी लाल-पिवळा लगदा, त्यात अर्धा दाणा. म्हणून हवा जात होती, टायर बारीक होत होता आणि साखळी सैल. कुणी हात लावला नव्हता. निखिलने दोनदा विचारलं होतं, मंजूने एकदा सांगितलं होतं.

कोअर पेट्रोलमध्ये धुतला, बसवला. हवा १४. वर साबणाचं पाणी. थांबलो. एक बुडबुडा. बारीक, सावकाश, पण आला. रबराला चरा पडलाय, नवा कोअर पाहिजे. दुकान उद्या नऊला उघडणार. बर्फ रात्रीपासून, आठ इंच सांगितलाय. मंजूची ड्यूटी सातची.

ट्रॉयला उशिरा पोचलो. बायका निघाल्या होत्या. मंजूने माझ्या तळहातावर तिळाची वडी ठेवली. सगळ्यांना ठेवत होती, तशीच, माझ्याकडे न बघता. दुसरा हात खिशात, मुठीत टोपण. निखिल समोर उभा. "बाबा, सगळं ठीक?" म्हटलं, "हो."

परत येताना गाडीत चाळीस मिनिटं. "मंजू," असं दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा तिने मान वळवली, आणि दोन्ही वेळा मी हीटर वाढवू का, असं विचारलं.

१५ जाने., बुध. सकाळी ५.४०

साडेसात इंच. रात्रीत १४ चे ११ झाले (इतके दिवस तो लगदाच बूच होता). परत १४ केले. मोकळी कडी ३ आणि ३. टोपण लावलेलं नाही. ते स्वयंपाकघरात तिच्या गाडीच्या किल्लीशेजारी ठेवलंय, आणि दोन तांदूळही.

चढाचा वरचा अर्धा झाला. साखळी धरून आहे. खालचा अर्धा राहिलाय, तिथेच काच आहे. इंजिन चालू ठेवून, सीटवर बसून हे लिहितोय. स्वयंपाकघरातला दिवा लागला. मंजू ओट्याशी उभी आहे, पाठमोरी. हातात काहीतरी घेऊन दिव्याखाली बघतेय.

आता वळली. दार उघडलं. बूट न घालताच पायरीवर आली आहे.