यंदाचा मुराळी

उधना, सुरत
चैत्र, १९९८

प्रिय चंचल,

तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना आराम पडला असेल आणि जिभेला अजून नसेल, असं धरून चालते. तू वेळेवर खात असशील, लोहाच्या गोळ्या उशीखाली लपवत नसशील, असंही धरून चालते. या बाबतीत माझा अनुभव वेगळा आहे, पण आई झाल्यावर माणसाला थोडं आंधळेपणाने धरून चालायला शिकावं लागतं. हे पत्र शाळेत बसून लिहितेय. चौथीच्या वर्गाला शुद्धलेखन दिलंय, त्यामुळे पाऊण तास तरी कोणी मेलं तरी उठणार नाही. घरी लिहायला बसले असते तर तुझे नाना शेजारी येऊन बसले असते, आणि मला ते नको होतं.

आधी चांगली बातमी. तुझ्या मायला मोटार चालवायचं लायसन मिळालं. हस, हस. आपल्या सोसायटीतल्या बायका या वयात गुडघ्याला तेल चोळतात, मी क्लच दाबते. शेजारच्या सरलाबाईंनी तर जिन्यातच अडवलं, "आते काय इमान उडावशी का वं, पुष्पाबाई?" मी म्हटलं, विमानाला रस्त्यात म्हशी आडव्या येत नाहीत, ते सोपं असेल. लायसनवरचा फोटो मात्र तुला दाखवणार नाही. त्यात मी हरवलेल्या बाईसारखी दिसते, जिच्या घरच्यांनी पेपरात जाहिरात दिलीय पण मनापासून दिलेली नाही.

शिकवायला कोण होतं सांगू? लखन. तोच, तिसरीत दोन वर्षं काढलेला, ज्याला मी पाढ्यांसाठी बाकावर उभा करायची. आता मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत तोंडात मावा धरून बसतो आणि म्हणतो, "बाई, तुम्ही फार विचार करता. गाडीला विचार नको, क्लच पाहिजे." नियती म्हणतात ती हीच असावी. पहिल्या दिवशी उधना मगदल्ला रोडवर त्याने माझ्या हातात स्टिअरिंग दिलं. समोरून ट्रक आला की मी डोळे मिटायची. लखन ओरडायचा, "बाई, डोळे!" मी उघडायची, तर दुसरा ट्रक. घरी येऊन मी स्वयंपाक करायची तेव्हाही पोळपाटाखाली पाय क्लच शोधायचा. लोक सांगतात की चार दिवसांनी भीती जाते. लोक काहीही सांगतात. भीती कुठेही जात नाही, फक्त आपल्याला तिच्यासकट गिअर टाकता यायला लागतो.

त्यात आपली व्हॅन. शिकवणीच्या गाडीला निदान पुढे नाक आहे, धडक बसली तर आधी तिला बसेल. आपल्या व्हॅनला नाकच नाही. काच संपली की लगेच जग सुरू. सगळ्यात पुढे आपले गुडघे. नाना इतकी वर्षं त्यात साड्यांचे गठ्ठे भरून कापड मार्केट ते भेस्तान, भेस्तान ते मार्केट करतायत, घराघरांतल्या बायकांना टिकल्या लावायला साड्या देऊन येतायत, आणि मी कधी हा विचारही केला नव्हता की तिथे बसलेल्या माणसाचे पाय सगळ्यांच्या पुढे असतात.

आता तू विचारशील, एवढी भीती वाटते तर हा उद्योग कशाला. नानांना मी सांगितलं की शाळेची बदली लांब झाली तर उपयोगी पडेल. त्यांनी ते आनंदाने मानलं आणि मार्केटमध्ये सगळ्यांना सांगत सुटले, "आमची मास्तरीण गाडी शिकते." तुला खरं सांगते. दिवाळीनंतर तू पत्रात चेष्टा केली होतीस, माय आता सुट्टीच्या दिवशी नानांबरोबर मार्केटला जाते, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय म्हणून. मी ती चेष्टा तशीच राहू दिली. प्रेमाला माझी ना नाही, पण साड्यांच्या गठ्ठ्यांवर पाय ठेवून, उन्हात, रिंग रोडच्या धुरात ते करावं अशी माझी कधीच हौस नव्हती.

दिवाळीच्या आधी एक दूधवाला सायकलवरून डावीकडून आला आणि नानांनी त्याला पाडला. त्याला खरचटलं तेवढंच, पण सगळं दूध रस्त्यावर. नाना शपथेवर सांगत होते की तो आकाशातून पडला. मी मानलं. मग आठवड्याने एक रिक्षा आकाशातून पडली. मग एक म्हातारी, नशिबाने ती स्वतःच मागे सरकली आणि नानांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेली. आकाशातून एवढं काही पडायला लागलं तेव्हा मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू, चंचल. मोतीबिंदू नव्हे, जो काढून टाकता येतो. समोरचं दिसतं, अगदी लांबच्या दुकानाची पाटी वाचतात, पण दोन्ही बाजूंचं गेलंय. नळीतून पाहिल्यासारखं. गेलेलं परत येणार नाही, थेंब घालून उरलेलं जपायचं, आणि गाडी चालवायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. नानांनी थेंबांपर्यंत सगळं नीट ऐकलं. त्यापुढचं वाक्य त्यांच्या कानाच्या बाजूला पडलं असावं.

त्यांचं म्हणणं, उधन्याचा रस्ता मी डोळे बांधून चालवेन. एके काळी चालवलाही असता. पण चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर पालिकेने जो सपाटा लावलाय, तो तू गेल्या खेपेला येऊन गेल्यावर उधन्यात पोचला, तू पाहिला नाहीस. पत्र्याची दुकानं पाडली, रस्ता रुंद केला, मध्ये दुभाजक घातला, जिथे वळण होतं तिथे वळण नाही. नाना अजून जुन्या उधन्यातून गाडी नेतात. पान खायला जिथे थांबायचे तिथे हात आपोआप वळतो आणि तिथे आता दुभाजक आहे. सगळं गाव म्हणतं, सुरत किती सुधारली. मी मात्र दर नवीन खांब मोजून ठेवते.

म्हणून मी शेजारी बसायला लागले. "अहो, डावीकडे सायकल. अहो, उजवीकडून टेम्पो. ब्रेक, ब्रेक दाबा, गाय." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं मी कधी बोलले नव्हते आणि त्यांनी एवढं कधी ऐकलं नव्हतं. ते कधी म्हणाले नाहीत की सांग, मी कधी म्हटलं नाही की सांगते. जणू मला बडबडायची सवयच लागलीय असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. मी बोलायची, त्यांचा पाय दाबायचा. शाळेच्या दिवशी ते एकटे जायचे. तेव्हा मी वर्गात बाहेरून अॅम्ब्युलन्सचा आवाज आला की खडू खाली ठेवायची.

आणि याच सवयीने माझी पहिली परीक्षा घालवली. लखनच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. मी "ब्रेक!" म्हणून ओरडले की लखन बिचारा सवयीने दाबायचा. मला कळलंच नाही की माझं निम्मं शिक्षण त्याच्या पायाने झालंय. परीक्षा आपल्या व्हॅनमध्ये होती. मैदानापर्यंत गाडी नानांनीच आणली, मी रस्ता सांगत. इन्स्पेक्टर शेजारी बसले, जाड मिशा, खिशाला तीन पेनं. मैदानातून बाहेर रस्त्यावर काढायला सांगितली. काढली. आणि डावीकडून कापडाचे गठ्ठे लादलेली हातगाडी आली. चंचल, मला ती स्पष्ट दिसली. मी सगळ्यात आधी पाहिली. मी खणखणीत आवाजात ओरडले, "अहो, ब्रेक दाबा! हातगाडी!" आणि वाट पाहत बसले.

त्या भल्या माणसाने हँडब्रेक ओढला म्हणून गाडी थांबली. हातगाडीवाला काचेपासून एवढ्या जवळ होता की त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं, माझंही. इन्स्पेक्टरांनी आधी खिशातली तिन्ही पेनं सरळ केली. मग अगदी शांतपणे म्हणाले, "बेन, ब्रेक तमारा पग नीचे छे. मारा पग नीचे नथी." ब्रेक माझ्या पायाखाली होता, त्यांच्या नव्हे. गाडी मैदानात परत त्यांनीच नेली. नापास.

लखनने हे सगळं तिखटमीठ लावून नानांना सांगितलं. घरी येताना नाना हसत होते. "इन्स्पेक्टरला अहो म्हणालीस?" असं विचारायचे आणि पुन्हा हसायचे. पांडेसराच्या वळणापर्यंत हसले. मग एकदम गप्प झाले. त्यांना कळलं. बाई असं का ओरडली, हे इन्स्पेक्टरला कळलं नाही, लखनला कळलं नाही, त्यांना कळलं. त्या दिवसापासून त्यांनी मला गाडीत बोलायची बंदी केलीय. "तोंड बंद ठेव. माले सगळं दिखस." एरवी माझ्याशी शुद्ध बोलणारा माणूस, रागावला की अहिराणीत जातो, तुला ठाऊक आहे. आता मी शेजारी बसते, ओठ दाबून, आणि डावीकडे सायकल दिसते, आणि मी त्यांच्याकडे पाहते, त्यांना दिसली का. कधी दिसते. कधी सायकलवाल्यालाच आम्ही दिसतो. परवा मी न राहवून त्यांचा हात धरला, तर तो त्यांनी झटकून टाकला. मी आयुष्यभर ज्याच्या त्याच्या तोंडावर बोलत आले, हेडमास्तरांपासून तुझ्या सासऱ्यांपर्यंत. या एका माणसाला "खाली उतरा, मी चालवते" हे मला म्हणता येत नाही. त्यांच्याकडे दुसरं काय आहे? साड्या त्यांच्या नाहीत, गिऱ्हाईक त्यांचं नाही, सकाळी चावी खिशात टाकून ते निघतात तेव्हाच ताठ उभे असतात.

दुसऱ्या परीक्षेला मी तोंडात लवंग धरली आणि दात आवळून बसले. तेच इन्स्पेक्टर. त्यांनी बसल्याबरोबर एक हात हँडब्रेकवर ठेवला तो शेवटपर्यंत काढला नाही. मी त्यांना दोष देत नाही. पास झाले. नानांनी पेढे वाटले, लायसन सगळ्यांना दाखवलं, आणि ते देवघरात ठेवून दिलं, गाडी चालवायला देवानेच यावं तसं. मी एकदा चावीकडे हात नेला तर म्हणाले, "राहू दे, गर्दीचं तुला जमणार नाही."

शुद्धलेखन संपत आलं, आता मुद्द्यावर येते. आखाजी जवळ आली, वर्गाच्या फळ्यावर मी अक्षय तृतीयेची सुट्टीही लिहून टाकलीय. लेकीला माहेरी न्यायला मुराळी म्हणून भावाने जायचं, तुला भाऊ नाही, म्हणून दरवर्षी नाना येतात. यंदाही ते येणार आहेत. तुला दिवस गेलेत म्हणून तर जास्तच हौसेने. व्हॅनला नवीन सीट कव्हर टाकलंय, मागे तुला पाय पसरायला गादी शिवून घेतलीय. आणि मला म्हणाले, तू येऊ नको, बडबड नको, मी एकटा जाऊन तिला घेऊन येतो. तुझ्याकडे येताना नवापूर सोडलं की कोंडाईबारीचा घाट आहे, चंचल. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, आणि त्यांना बाजू दिसत नाही. मी रोज बोलायचं ठरवते आणि रोज त्यांच्या पानात वाढून गप्प बसते. म्हणून हे काम तुझ्यावर टाकते. या पत्राचं त्यांना कळू देऊ नकोस. त्यांना वेगळं कार्ड टाक, दोनच ओळी: "नाना, यंदा मुराळी म्हणून मायलाच पाठवा. तिने गाडी चालवत आणलं तरच मी येईन, नाहीतर येत नाही." कारण देऊ नकोस, हट्ट कर. माझ्याशी ते भांडतील, तुझ्याशी भांडता येत नाही त्यांना. खूप दुखावतील. दारात मुराळी म्हणून उभं राहायचा त्यांचा मान तू काढून घेतेयस, हे मला माहीत आहे, आणि तो तुझ्याकडून काढून घ्यायला लावतेय तीही मीच. आखाजीभर बोलले नाहीत तर न बोलू देत. अबोला धरायला माणूस घरात असावा लागतो. मी पहाटे निघेन, घाट उन्हाच्या आधी चढेन. मला त्या घाटाची इतकी भीती वाटते की लिहितानाही तळहाताला घाम आलाय, कागद बघ, शाई फुटलेली दिसेल. पण मी येते. आणि व्हॅनचा आवाज आला की तू उत्साहाने गल्लीत धावत येऊ नकोस. मी हँडब्रेक ओढून खाली उतरेपर्यंत ओट्यावरच थांब, भिंतीला टेकून.

तुझीच, घाबरलेली आणि तरी येणारी,
माय