घोडा, पोपट आणि एक पत्ता

ती. ताईंना साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कारण कंबर धरली आहे, का, ते पुढे येईलच). नवा चष्मा मानवला का? भावजींना खोकल्यावर गरम पाणी प्यायला सांगा, ते पिणार नाहीत हे ठाऊक असूनही सांगा. तुमची धाकटी बहीण तुमच्याकडे सुखरूप असेलच. इकडे मी आहे. सुखरूप म्हणवत नाही.

आम्ही दोघं नवराबायको एकाच ऑफिसात, एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसतो. जनावरांच्या दवाखान्यासाठी आम्ही एक्स-रे जपून ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यात प्रत्येक फाइलचा पत्ता (कुठल्या फोल्डरात, कुठल्या नावाने) साठवावा लागतो. मी म्हटलं, पत्ता म्हणजे अक्षरंच ना? साधी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, पुरे. ही म्हणाली, "पत्त्याला त्याचा स्वतःचा टाइप दे, खास पत्त्यांसाठी बनवलेला साचा. प्रत्येक कॉम्प्युटरची पत्ता वाचायची रीत वेगळी, ती त्या टाइपला कळते. तुझ्या स्ट्रिंगला काय कळणार, कप्पाळ?" (हे 'कप्पाळ' अख्ख्या ऑफिसदेखत.) झालं, मी हट्टाला पेटलो.

ही तुमच्याकडे यायला निघाली आणि त्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी वेगळ्या जातीचा कॉम्प्युटर घेतला. आधी पत्त्यांमधल्या, फोल्डरांची नावं वेगळी करणाऱ्या तिरक्या रेघा उलट्या पडल्या. तिथे मी ठिगळ लावलं आणि शीळ घालत चहा प्यायलो. पण जुन्या कॉम्प्युटरला इंग्रजीतला मोठा बी आणि छोटा बी वेगळे वाटायचे, नव्याला दोन्ही एकच. आणि दवाखान्यात बादशहा नावाचे पेशंट दोन! मोठ्या बीचा घोडा, छोट्या बीचा पोपट. माझ्या स्ट्रिंगने नावं ताडून पाहिली, वेगळी आहेत म्हणून मान डोलावली, आणि कॉम्प्युटरने पोपटाचा एक्स-रे घोड्याच्या एक्स-रेवर नेऊन बसवला.

घोड्याच्या ऑपरेशनच्या सकाळी बाईंचा फोन आला. "तुमच्या प्रोग्रॅमप्रमाणे या घोड्याला पंख आहेत. मी पाय कुठे उघडू?"

मी धावत गेलो. घोडा तीन पायांवर उभा, चौथा सुजून भोपळा. त्याचा धिप्पाड मालक त्याच्या मानेत तोंड खुपसून रडत होता. एक्स-रे पुन्हा काढायचा तर कुणीतरी तो पाय धरायला हवा होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिशाचा एप्रन चढवून मी पाय धरला, घोड्याने उरलेला सगळा भार माझ्यावर टाकला, आणि कंबरेत कट्‌ झालं. पण हाडाचा तुकडा दिसला, निघाला, घोडा वाचला. मालकाने मला मिठी मारली, तेव्हा दुसऱ्यांदा कट्‌ झालं.

घरी येऊन मी सगळे पत्ते नव्या टाइपमध्ये बदलले. बायकोचं ऐकावं, ताई, हे मी आता कुणालाही सांगेन.

आपला,
सध्या काटकोनात असलेला मेहुणा

ता.क. 'सगळे बदलले' हे जरा आगाऊ लिहिलं. निम्म्याहून जास्त बाकी आहेत. हिला दोन दिवस ठेवून घ्या. पडदे शिवायचेत म्हणा, काहीही म्हणा.

ता.क. २. पाकीट चिकटवतोय तोच हिचा मेसेज आला: "इथूनच प्रोग्रॅम उघडून पाहिला. उरलेले मी बदललेत. ताईला मध्ये घालू नकोस." तेव्हा पडदे राहू द्या. हिला उद्याच पाठवा. घोड्याचा नवा एक्स-रे मी त्या गडबडीत जुन्याच प्रोग्रॅममध्ये साठवला होता. पोपटाला सध्या खूर आहे, आणि त्याचा मालक परवा यायचा आहे.