ऊब वाचवताना

हॅनकॉक, मिशिगन
१९ ऑक्टोबर

प्रिय रूडीदादा,
सा. न.

तुझी बोट या आठवड्यात डुलुथला लागेल, या अंदाजाने हे पत्र टाकते आहे. आईला गावातल्या वृद्धनिवासात ठेवावं, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. बाबांच्या मागे उरलेल्या पेन्शनमध्ये हे घर चालत नाही, हे मात्र खरं. मी चालवून दाखवते. हा हिवाळा निभला तर तो विषय पुन्हा काढायचा नाही, कबूल?

खिडक्यांना आतून प्लास्टिक ताणून लावलंय. हीटरचा काटा दहा अंश खाली आणला. कपडे तळघरात दोरीवर वाळतात, आंघोळीचं पाणी बादलीने संडासात जातं. बीन्सला एक उकळी आणून पातेलं रजईत गुंडाळते, संध्याकाळपर्यंत आपोआप शिजतात. वाफेच्या आंघोळीची अंगणातली सौनाही दर शनिवारी तापवायची नाही, महिन्यातून एकदाच. एरवी आईने शेजारच्या हेइक्किनेनकाकूंच्या सौनेत जायचं. दोन घरांत एकच भट्टी, म्हणजे लाकूडही वाचेल आणि धूरही. आईला विचारलं, तर म्हणाली की तुला बरं वाटतंय ना, मग झालं.

माझ्यावर हसून झालं की उत्तर लिही.
तुझी एलिना

बोटीवरून
२२ नोव्हेंबर

चि. एलिना,
अ. आ.

काटकसरबाई, तुझं पत्र स्वयंपाक्याला वाचून दाखवलं. त्याने विचारलंय, की तुमच्याकडे पाहुण्यांनी श्वास घेतलेला चालतो का?

थट्टा राहू दे. तुझी मेहनत मला कळते. तू सांगतेस ते जगाच्या भल्याचंही आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण आईने आयुष्यात शेजारी कधी मीठ मागितलं नाही, ती दुसऱ्याच्या सौनेत जाऊन बसेल? तिला थंडी वाजते का हे तिला विचारू नकोस, ती नाहीच म्हणणार. ती खरंच तिकडे जाते का, तेवढं एकदा बघ.

रागावलीस तरी चालेल, पण लिहीत जा.
तुझा रूडी

हॅनकॉक
१४ डिसेंबर

प्रिय रूडीदादा,
सा. न.

ती जात नव्हती.

दुकानात हेइक्किनेनकाकू भेटल्या. तुझी आई, आयली, रुसली का गं आमच्यावर, म्हणाल्या, एकदाही फिरकली नाही. त्या शनिवारी आई टॉवेल घेऊन निघाली, तशी मी थोड्या वेळाने मागोमाग गेले. ती आपल्याच सौनेत होती. भट्टी थंडगार. फळीवर कोट घालून, टॉवेल मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटावं की ती जाऊन आली, म्हणून वेळ काढत होती. मला पाहून म्हणाली, की अगं, इथे वारा लागत नाही.

आधीच खोकत होती, दोन दिवसांनी न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून आता वृद्धनिवासात हलवलंय, अंगात ताकद येईपर्यंत. हे मात्र तुझ्यापासून लपवत नाही: तिला दाखल केलं त्याच दिवशी गॅसचं बिल आलं. गेल्या वर्षीच्या निम्मं. क्षणभर मला आनंद झाला. तो तिच्यासाठी होता की माझ्यासाठी, हे मी रोज स्वतःला विचारते.

ती घरी आली की सगळं बदलेन. तोवर मला टाकू नकोस.
एलिना

वृद्धनिवास, हॅनकॉक
६ जानेवारी

चि. एलिना हिस,
अ. आ.

रविवारी मला न्यायला येणार आहेस, म्हणून आधीच लिहिते. मी घरी येणार नाही. रूडीला कळवलंय. घर विकून इथले पैसे भागतील.

तुझा दोष नाही, बाळ. थंडी वाजत नाही असं मीच सांगत राहिले. पण इथे एका झग्यावर बसता येतं. नळ चालू राहिला तर कोणाचा चेहरा पडत नाही. तुझ्या चेहऱ्याची मला फार काळजी घ्यावी लागायची गं. आता तेवढं होत नाही.

भेटायला मात्र नेहमी ये. कॉफीबरोबर तो वेलचीचा ब्रेड आण, इथला अगदीच बेचव आहे.
तुझी आई

हॅनकॉक
१२ जानेवारी

प्रिय रूडीदादा,
सा. न.

घरविक्रीचे कागद पाठव, सही करते.

संध्याकाळी ब्रेड घेऊन गेले होते. तिचे गाल तांबूस झालेत. मी खूप विनवलं. हीटर हवा तेवढा वाढवते, सौना रोज तापवते, म्हणाले. ती म्हणाली की तापवशील गं, नाही कुठे म्हणते? पण रोज मन मारून तापवशील, आणि मला ते दिसेल. मी ब्रेडचा एक तुकडा कापून तिच्या हातात दिला.

मग तिचा पापा घेतला आणि निघाले. बाहेरच्या दारापाशी पोचल्यावर लक्षात आलं, की निघताना सवयीने मी तिच्या खोलीतला दिवा घालवला होता. धावत मागे गेले. ती तशीच अंधारात बसली होती, हातात ब्रेडचा तुकडा धरून. तिने हाक मारली नव्हती.

माझ्यावर जेवढी माया उरली असेल, तेवढी राहू दे.
एलिना